आम्ही फुकट घेतलं, दिलं काहीच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं. इंटरनेट आलं आणि गाणं स्वस्त झालं, आज वाजलं नि उद्या विसरलं, जे दोन-तीन वर्षंही टिकत नाही त्याला संगीत म्हणायचं का, असा त्यांचा एकंदर सूर. पत्र तळमळीनं लिहिलेलं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण ते 'दोन-तीन वर्षं' डोक्यात बसलं. कारण मी ज्या अमेरिकन बँडसाठी रात्री जागवल्या तो जेमतेम तीन वर्षं टिकला. आणि नाशिकच्या ज्या बँडची चार गाणी माझ्या डोळ्यांदेखत तयार झाली, त्याचं आयुष्य अकरा महिने. पहिला बँड आज जगभर ऐकतात. दुसऱ्याचं निदान एक गाणं हाती लागावं म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण शेवटचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

१९९९ ते २००६ माझा नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नरजवळ सायबर कॅफे होता. पहिला मजला, अरुंद जिना, खाली पिठाची गिरणी. दर दोन महिन्यांनी सीपीयूचं झाकण उघडलं की पंख्याच्या पात्यांवर पिठाचा थर. ब्रश मारला की माझ्या मिशा पांढऱ्या. चार मशीन आणि फोनची लाईन एक. मोडेमच्या खोक्यावर ५६ के (सेकंदाला ५६ किलोबिट, म्हणजे सात किलोबाइट) लिहिलेलं, पण सेकंदाला तीन-चार किलोबाइट आले तर त्या दिवशी नारळ फोडायचा. तेवढ्या लाईनीत चार गिऱ्हाइकं. एकानं याहूची मेल उघडली की दुसऱ्याचं पान अडकायचं, मग "दादा, माझं चालत नाहीये" असा पुकारा. तासाला ५० रुपये. बारावीच्या निकालाच्या दिवशी जिन्यावर रांग, बाकी दिवशी कुंडल्या, परदेशातल्या मुलांना मेल आणि ज्याबद्दल बोलायचं नाही ते.

रात्री साडेदहाला शटर अर्धं खाली ओढलं की माझा खरा दिवस सुरू व्हायचा. लाईन मोकळी आणि मशीन मोकळी. शिवाय आपली रात्र म्हणजे अमेरिकेतली दुपार, म्हणजे तिकडच्या पोरांची कॉम्प्युटर चालू. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण तेव्हा नॅपस्टर होतं.

नव्या वाचकांसाठी सांगतो. जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं हे काढलं. गंमत अशी की गाणी त्यांच्याकडे नव्हतीच. त्यांच्याकडे फक्त यादी, कुणाच्या मशीनवर कोणतं गाणं आहे याची. तुम्ही नाव टाकायचं, यादी यायची, आणि गाणं थेट त्या अनोळखी माणसाच्या मशीनमधून तुमच्या मशीनमध्ये. त्यानं मशीन बंद केलं की तुमचं गाणं ९० टक्क्यांवर लटकलं. समोरच्याची लाईन कसली आहे तेही दिसायचं. 'टी १' किंवा 'टी ३' अशी भरधाव लाईन दिसली की समजायचं, कुठल्यातरी विद्यापीठाचं होस्टेल आहे, इथून घ्या. एमपीथ्री, म्हणजे गाण्याची फाईल लहान करायची पद्धत, हे जर्मनांचं काम, फ्राउनहोफर संस्थेचं. कानाला तसंही ऐकू येणार नाही ते काढून टाकायचं आणि उरलेलं ठेवायचं. सीडीवरच्या एका सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, ते १२८ वर आणलं की अकरावा हिस्सा. म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याला साधारण चार एमबी, आणि माझ्या लाईनीवर वीस ते तीस मिनिटं. एका रात्रीत दहा गाणी मिळाली तर चंगळ.

चोरी होती का? होती. तेव्हाही ठाऊक होतं. पुढे कोर्टाच्या आदेशानं जुलै २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडलं, ते चूक झालं असंही मी म्हणणार नाही. पण आज जे कबूल करायचं आहे ते चोरीबद्दल नाही, वेगळंच आहे. त्याकडे येतो.

माझ्याकडे तेव्हा चार पोरं येत. एक सातपूरचा, वडील एमआयडीसीत कामाला, हातात जुनी गिटार. एक पंचवटीचा, ढोल पथकातला. नाशिक ढोल म्हणजे काय ते आपल्या वाचकांना सांगायला नको, पण हा गडी टिपरीनं टेबलाच्या कडेवर जे वाजवायचा त्यानं माझ्या माऊसचा बाण हलायचा. तिसरा गाणारा, चौथा दुसरी गिटार वाजवायचा. दिवसा पन्नास रुपये परवडत नसत, म्हणून रात्री शटरखालून वाकून आत येत, आणि त्या बदल्यात मशीनमधलं पीठ साफ करून देत.

२००० चा हिवाळा. ढोलवाल्याला ९८ च्या फुटबॉल वर्ल्डकपचं गाणं हवं होतं, मंडळाच्या मिरवणुकीत वाजवायला. गायकाचं नाव काही केल्या आठवेना, म्हणून त्यानं कलाकाराच्या रकान्यात नुसतं 'फुटबॉल' टाकलं. यादीत खाली कुठेतरी एका बँडचं नाव आलं: अमेरिकन फुटबॉल. समोर लाईन टी ३. "हे काय आहे रे?" "घेऊन बघू, लवकर येईल." समोरच्याची लाईन टी ३ असली तरी आपली तीच, त्यामुळे लवकर वगैरे काही आलं नाही. तेवढ्यात मी चहा करून आणला.

आम्हाला वाटलं होतं धांगडधिंगा असेल. निघालं भलतंच. दोन गिटारी एकमेकींच्या मागेपुढे चालल्यासारख्या. कुणीच जोरात नाही. गाणारा असं गातोय की त्याला कुणी ऐकतंय याची लाज वाटावी. आणि मध्येच एका गाण्यात ट्रम्पेट. आपल्याकडे ट्रम्पेट म्हणजे लग्नाची वरात. इथे तो एकटाच, लांबवर, वरात कधीच निघून गेल्यावर कुणी वाजवत बसल्यासारखा.

पुढच्या सहा-सात रात्रींत त्यांच्या अल्बमची नऊच्या नऊ गाणी जमवली. अल्बम तेव्हा एकच होता, बँडच्याच नावाचा. इलिनॉय राज्यातल्या अर्बाना गावात १९९७ मध्ये विद्यापीठातल्या तीन पोरांनी बँड केला, माइक किन्सेला, स्टीव्ह होम्स आणि स्टीव्ह लॅमॉस. ढोलकीवाला लॅमॉस, ट्रम्पेटही तोच वाजवायचा. सप्टेंबर १९९९ मध्ये पॉलिव्हिनिल नावाच्या त्याच राज्यातल्या छोट्या कंपनीनं अल्बम काढला. तोवर शिक्षण संपत आलेलं, आणि ते संपलं तसा बँडही. भांडण नाही, काही नाही. पोरं आपापल्या वाटेला लागली. म्हणजे आम्ही ज्या रात्री त्यांना शोधलं, त्या रात्री बँड अस्तित्वातच नव्हता. हे आम्हाला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं, आणि सातपूरकराला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी त्यानं चहाही घेतला नाही.

एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. ज्या मोझॅक ब्राउझरमुळे इंटरनेटवर चित्रं दिसायला लागली, तो १९९३ मध्ये याच अर्बाना-शॅम्पेनच्या विद्यापीठात तयार झाला. एकाच आवारातून रस्ता निघाला आणि त्या रस्त्यावरून पुढे गाणंही आलं, गिरणीच्या वरच्या माझ्या खोलीपर्यंत.

त्या अल्बमच्या कव्हरचं चित्र आम्ही एका रात्री उघडलं. तेव्हाचं चित्र उघडणं म्हणजे चिकाटीचं काम, वरून एकेक पट्टी उतरायची. आधी नुसतं अंधारं आभाळ. आम्हाला वाटलं, संपलं, एवढंच आहे. मग छपराचं टोक. मग लाकडी भिंत. आणि मग माडीवरची खिडकी, आत दिवा. चार पोरं आणि मी, पाच डोकी चौदा इंची पडद्याला चिकटलेली. गाणारा हळूच म्हणाला, "कुणीतरी जागं आहे." एका साध्या घराचा रात्री खालून काढलेला फोटो. विद्यार्थी भाड्यानं राहतात तसलं घर. त्यात दाखवण्यासारखं काही नाही आणि तरी आम्ही पाचही जण गप्प.

मग अर्थातच पोरांना तसं वाजवायचं होतं. दोन महिने झटले. सूर लागेनात. बोटं बरोबर पडतायत, तरी आवाज वेगळा. शेवटी एका रात्री कुठून तरी कळलं की त्या पहिल्या गाण्यात गिटारच नेहमीसारखी लावलेली नाही. नेहमी तारा ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात, यांनी एफ, ए, सी, जी, सी, ई लावल्यात. सातपूरकरानं तिथल्या तिथे खुंट्या पिळल्या. एक तार तुटली, पण पाच तारांवर त्यानं नुसता हात फिरवला आणि ती खोली बदलली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

माझे वडील पंचवटीतल्या भजनी मंडळात तबला वाजवायचे. ते एकदा डबा घेऊन आले, तेव्हा हेच चाललं होतं. पोरांना वाटलं, आता बोलणी बसणार. वडील दारात उभे राहून हातावर मात्रा मोजायला लागले. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. "हे सरळ चारात बसत नाही," म्हणाले, "पण चुकलेलं नाही." मग गिटारच्या तारांचा किस्सा त्यांना सांगितला, तर म्हणे त्यात काय एवढं, तंबोराही पंचमाऐवजी मध्यमात लावतातच की, रागात पंचम नसला तर. पोरांनी त्या दिवसापासून वडिलांना बँडचे गुरुजी करून टाकलं. वडिलांना ते आवडलं होतं, दाखवलं मात्र नाही.

त्या अकरा महिन्यांत पोरांनी चार गाणी केली. मराठी शब्द. एक गाणं सीबीएस स्टँडवरून सुटणाऱ्या शेवटच्या बसवर होतं. कंडक्टर शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत दिवा चालू ठेवतो आणि मग विझवतो, एवढंच त्यात होतं. मला ते त्या अमेरिकन गाण्यांपेक्षा काकणभर सरस वाटायचं. माझं मत सोडा, मी गिरणीवरचा कॅफेवाला.

ट्रम्पेट हवा, म्हणून पोरांनी लग्नाच्या बँडमधल्या एका काकांना गाठलं. काका आले ते गणवेशातच, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, कारण तासाभरानं सुपारी होती. विचारलं, "लग्न कुणाचं?" "लग्न नाही काका, गाणं आहे." "मग नवरा-नवरी निघाले की येताहेत?" पोरं गोंधळली. गाणारा म्हणाला, "निघून गेले." काकांनी मान हलवली आणि असं वाजवलं की पुन्हा घ्यायला लागलंच नाही. पैसे घेतले दीडशे. सीडी झाली की मला एक द्या, असं मात्र बजावलं.

रेकॉर्डिंग माझ्या कॅफेतच. विंडोजचा साउंड रेकॉर्डर साठ सेकंद झाले की थांबायचा, त्यामुळे पहिल्या रात्री गाण्याचे साठ-साठ सेकंदांचे तुकडे झाले. मग टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरून ती वायरनं मशीनमध्ये घातली. गिरणी बंद झाल्यावर म्हणजे साडेनऊनंतरच सुरू करायचं. तरी एका गाण्यात मागे कुत्रं आहे.

आता कबुली. पोरं म्हणाली, "दादा, आपली गाणीही नॅपस्टरवर टाकू ना. शेअरमध्ये ठेवायची नुसती." बरोबर होतं त्यांचं. काही चढवायचं नव्हतं, फोल्डर उघडं ठेवलं की झालं. पण उघडं ठेवलं म्हणजे कुणीतरी आपल्याकडून घेणार, आणि तेवढा वेळ माझी लाईन हळू होणार. फोनचं बिल माझं. मी पहिल्या दिवसापासून शेअरिंग बंद करून ठेवलं होतं. सगळ्या जगाकडून घ्यायचं आणि आपलं दार बंद. मी म्हणालो, "नको रे, लाईन जाम होते. सीडीवर घाला, सीडी कायम राहते." अगदी हेच शब्द. नंतर दुसऱ्याच कुठल्या तरी परदेशी साइटवर त्यांनी दोन गाणी चढवली. ती साइटही तीन-एक वर्षांत बंद पडली, गाण्यांसकट.

(तसं ते मोठ्यांचंही होतं. मायस्पेस या बड्या साइटनं २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर हलवताना २०१६ च्या आधी लोकांनी चढवलेली गाणी गेली. त्यातली सुमारे ४ लाख ९० हजार पुढे इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहात आली, कारण कुणीतरी अभ्यासासाठी आधीच उतरवून ठेवली होती. म्हणजे पुन्हा, ज्यांच्याकडे दुसरी प्रत होती तेवढीच वाचली.)

सीडी आम्ही नऊ केल्या. अमेरिकेतल्या घरासारखं कव्हर हवं, असा हट्ट. जुन्या नाशकात एका वाड्याच्या माडीत रात्री दिवा असायचा, तिथे जाऊन फोटो काढला. धुवून आला तो काळा, खिडकीचा नुसता पिवळा ठिपका. मग झेरॉक्स केल्यावर ठिपकाही पांढरा झाला. तो वाडा आता नाही. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली, पुढच्या वर्षी जागा मोकळी झाली. अर्बानातलं ते घर मात्र २०२३ मध्ये बँडनं, पॉलिव्हिनिलनं आणि फोटो काढणारा ख्रिस स्ट्राँग वगैरे मंडळींनी मिळून विकत घेतलं, पाडलं जाऊ नये म्हणून. लोक रस्त्यावर उभे राहून त्याच्यासमोर फोटो काढतात. मी वाड्यांबद्दल इथे काही म्हणत नाही, त्यावर आपल्या अंकात पुरेशी पत्रं येतात.

पोरांनी वाजवलं दोनदा. एकदा कॉलेजच्या गॅदरिंगला, तिसऱ्या मिनिटाला माइक बंद झाला, पुढे 'नृत्य' होतं. एकदा गणपतीत, तिथे लोक आरतीची वाट बघत होते. मग एकाला पुण्यात नोकरी लागली, एक दुबईला गेला, झालं.

तिकडे काय झालं? बँड मोडून बसला, आणि गाणी अनोळखी लोकांच्या मशीनमधून अनोळखी लोकांच्या मशीनमध्ये फिरत राहिली. कुणी जाहिरात केली नाही. २०१४ मध्ये कंपनीनं अल्बम पुन्हा काढला आणि बँड पुन्हा उभा राहिला, तर न्यूयॉर्कच्या वेबस्टर हॉलमध्ये तीन रात्री तिकिटं संपली. मग २०१६ आणि २०१९ मध्ये नवे अल्बम. लॅमॉस दरम्यान कोलोराडोत विद्यापीठात प्राध्यापक झाला होता, तो पुन्हा ढोलकीवर. २०१४ ची ती सीडी मी भाच्याकडून पैसे देऊन मागवली, चौदा वर्षांची उधारी म्हणून. गाण्यांपेक्षा टपाल महाग पडलं.

त्या ज्येष्ठ वाचकांना माझं एवढंच म्हणणं आहे की टिकणं हे गाण्याच्या अंगात असतंच असं नाही. ज्या गावात फाळके १९१३ मध्ये आपला स्टुडिओ घेऊन आले, त्या गावाला हे वेगळं काय सांगायचं? त्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं राहिलं. मधली दोन वाईट होती म्हणून गेली का?

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. कॅफे बंद करून मी आता ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड. मागच्या महिन्यात एक जण सातबारा काढायला आला. डोक्यावर टोपी, पायात मातीनं भरलेले बूट. गट नंबर सांगितला दिंडोरीकडचा. मी प्रिंट काढतोय आणि तो टेबलाच्या कडेवर बोटं वाजवतोय. मी वर न बघताच म्हणालो, "माऊस हलतोय." ढोलवाला नव्हता तो, निघाला सातपूरचा गिटारवाला. सासुरवाडीच्या बाजूला द्राक्षबाग घेतलीय. "दादा," म्हणाला, "ती सीडी आहे का हो तुमच्याकडे? माझी पोरगी गिटार शिकतेय. तिला सांगितलं तर म्हणते, पप्पा, थापा मारू नका."

सीडी होती. मी जपून ठेवली होती. पिशवीत, पिशवी डब्यात, डबा कपाटात, वडिलांच्या तबल्याच्या हातोडीशेजारी. आम्ही दोघांनी ती काढली. वर निळा कागदी स्टिकर, गायकाच्या अक्षरात चार गाण्यांची नावं. स्टिकरची कड सुटलेली होती. कड अडकून ड्राइव्ह खराब होईल म्हणून मी ती नखानं धरून हळूच ओढली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: घरी भरलेल्या सीडीत चंदेरी थर खालच्या बाजूला नसतो. तो वरच्या बाजूला, स्टिकरच्या अगदी खाली असतो, मध्ये फक्त लाखेचा पापुद्रा. स्टिकर निघाला तो चांदी घेऊनच. माझ्या बोटांत निळा कागद, त्याच्या पाठीवर चकाकी, आणि हातात राहिलेली सीडी खिडकीसारखी आरपार. तिच्यातून मला समोरचा गिटारवाला दिसत होता. तो काही बोलला नाही. सातबाऱ्याचे पैसे ठेवले. मी घेतले नाहीत.

जिथे थर शाबूत होता तेवढा भाग एका ओळखीच्याकडे वाचून घेतला. पहिल्या गाण्याची एक मिनिट बावन्न सेकंद मिळाली. त्यात कुत्रं आहे, ट्रम्पेट नाही. शेवटच्या बसचं गाणं तिसरं होतं, ते गेलं. मूळ कॅसेट त्या टेपरेकॉर्डरसकट भंगारात गेली होती, तेही माझ्याच हातून.

नऊपैकी माझी गेली. चौघांच्या चार: दोन घर बदलताना हरवल्या, एक दुबईत आहे पण ड्राइव्ह ओळखत नाही, एक उंदरांनी. राहिल्या चार. एक बँडवाल्या काकांना दिली होती. ते तेव्हा भद्रकाली भागात राहायचे. आज असतील तर ऐंशीच्या घरात असतील. एक गॅदरिंगच्या त्या वर्षीच्या सांस्कृतिक सचिवाला दिली होती, माइक बंद होण्याच्या आधी. एक गणपती मंडळाच्या कुणाला तरी. एक मी कॅफेत गिऱ्हाइकांना ऐकायला ठेवली होती, ती २००१ च्या दिवाळीच्या सुमारास कुणीतरी खिशात घालून नेली.

त्या शेवटच्या माणसाला विशेष सांगणं आहे. आपण ती नेलीत, फार चांगलं केलंत. राग नाही, उलट तुम्हीच माझी जास्तीत जास्त आशा आहात. कव्हर झेरॉक्सचं, काळं, मध्ये वरच्या बाजूला पांढरा ठिपका. स्टिकर निळा. बँडचं नाव इथे देत नाही, पोरांनी तशी परवानगी दिलेली नाही, पण सीडीवर आहे. कुणाकडे असेल तर आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी स्वतः लॅपटॉप घेऊन येईन आणि तिथेच प्रत करून सीडी परत देईन. एक प्रत सार्वजनिक वाचनालयात द्यायचा विचार आहे. १८४० पासून पुस्तकं सांभाळणारी संस्था आहे, नाशिकच्या पोरांनी घरात, गॅदरिंगमध्ये, मंडळात जे काही भरून ठेवलंय त्यासाठी त्यांनी एखादं कपाट दिलं तर बरं होईल. तिथे विचारायला मी जाणार आहे.

आणि गाणी मिळालीच तर या वेळी फोल्डर उघडं ठेवीन.

फक्त कृपा करून, सीडी सापडली तर स्टिकर ओढू नका. कड सुटलेली असली तरी राहू द्या, तशीच आणा.

आपला,
कॅनडा कॉर्नरचा जुना कॅफेवाला, नाशिक